नातवाच्या दुधातलं पाणी

माझा नातू आता अखंड बोलतो. पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला की फोन आधी त्याच्याच हातात असतो, आणि मला पडद्यावर त्याची एक नाकपुडी आणि त्यांच्या घराचं छत एवढंच दिसतं. कोणत्या बसला किती दारं असतात, खालच्या कुत्रीला पिल्लं झाली, हे सगळं सांगून झाल्यावर लेक माझ्या वाट्याला येते. मी शांतपणे ऐकत बसते. आजीला कौतुक असतंच, पण माझ्या सुखाला आणखी एक कारण आहे. तो तान्हा असताना काही आठवडे असे गेले की हे मूल नीट बोलेल का, नीट शिकेल का, ही धास्ती मनात धरूनच आम्ही जेवायला बसत होतो.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून फार लांब नाही. नवऱ्याची शेती आहे, कपाशी आणि सोयाबीनची. मी पिंपळगावच्या शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त झाले. गावात नळ आहे, पण उन्हाळ्यात त्याचा भरवसा नसतो. लेक कॉलेजात असताना एका कोरड्या वर्षी नवऱ्याने घरामागे बोअर घेतली. थोरल्या दिरांच्या आग्रहामुळे पाणाड्याला बोलावलं होतं. तो तळहातावर नारळ घेऊन सगळ्या आवारात फिरला आणि गोठ्याजवळ थांबला. नवऱ्याचा त्यावर विश्वास नव्हता, पण भावाचं मन मोडायचं नव्हतं. बोअरची गाडी आली, बराच वेळ नुसता धुरळा उडाला आणि मग एकदम पाणी वर आलं. दीर ओंजळ भरून प्यायले आणि म्हणाले, गोड आहे.

तिकडे पूर्णा नदीच्या बाजूला खारं पाणी लागतं, तोंडात धरवत नाही. त्यामुळे गोड पाणी लागलं हेच आम्हाला मोठं वाटलं. नवऱ्याने बोअरवरून एक नळी काढून बाहेरच्या भिंतीला बसवली, म्हणजे गल्लीतल्या बायकांना घरात न येता भरता यावं. सकाळी मोटर लावली की तिथे घागरी लागायच्या. आमच्या बोअरचं पाणी अख्खी गल्ली पिते, हे नवरा पाहुण्यांना सांगायचा आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

त्या पाण्यात काहीतरी आहे हे दिसत नव्हतं असं नाही. चहा जरा काळपट व्हायचा. पांढऱ्या बादलीच्या तळाला काजळीसारखा थर धरायचा, घासला तर निघायचा आणि पंधरवड्यात पुन्हा यायचा. माझ्या फिकट साड्यांवर तपकिरी डाग पडायचे. पाण्यात लोह आहे असं आम्ही समजून घेतलं होतं. नवरा म्हणायचा, बरं आहे, रक्त वाढते. लोह ही चांगलीच गोष्ट असते असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं. त्यापलीकडे कोणी विचार केला नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ऑपरेशन करून खामगावला मुलगा झाला, दोघं सुखरूप घरी आली. पण तिला दूध पुरेना. आठवडा-दोन आठवडे आम्ही मेथीचे लाडू, शतावरी, जे जे कोणी सांगितलं ते सगळं केलं. शेवटी डॉक्टरांनी वरून पावडरचं दूध द्यायला सांगितलं. बाटली आणि वाटी-चमचा उकळण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं, मग त्यात पावडर. मी त्यात कसलीही हयगय केली नाही. बाळ अंग धरू लागलं तशी मी निश्चिंत झाले.

गावाच्या उगवतीला बौद्ध वस्ती आहे. तिथे एक बाई राहतात, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्याच सुमारास निवृत्त झाल्या. गावातली निम्मी मुलं त्यांच्या हातून टोचून मोठी झाली. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. निवृत्त झाल्यावरही कुठे बाळ झालं की त्या पाहायला जातात. आमच्याकडेही आल्या. बाळाला त्यांनी पालथं-उताणं करून पाहिलं, टाळू चाचपली, लेकीला कसं बसून पाजायचं ते दाखवलं. मी चहा करायला उठले तशा माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर बाळाच्या पाण्याचं पातेलं उपडं घातलेलं होतं. त्यांनी ते उलटं करून आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला काळं लागलं होतं.

"ताई, बाळाले दूध कोणत्या पाण्यात देऊन राह्यल्या?"

मी म्हटलं, बोअरच्या, पण चांगलं उकळून. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि घाबरवायचं नसल्यासारख्या हळू आवाजात सांगितलं की उकळून जंतू मरतात, पण हे जे काळं आहे ते जंतू नाहीत. पाणी एकदा तपासून घ्या. त्यांच्या विहिरीचं पाणी त्या अधूनमधून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात, त्याच्याबरोबरच आमचंही जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बाटली घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरातल्या बोअरच्या नळाची तोटी उघडली आणि बाटली भरून दिली.

अहवाल लेकीच्या मोबाइलवर आला. तिने तो बाळाला मांडीवर थोपटता थोपटता उघडला आणि थोपटणं थांबलं. लोह जास्त होतंच. त्याखाली मँगनीज, मर्यादेच्या बरंच वर. आणि त्याखाली शिसं, थोडंसंच, पण मर्यादा ओलांडून. सोबत सिस्टरांच्या विहिरीचाही अहवाल होता. त्यात सगळे आकडे मर्यादेच्या आत.

लेकीने त्या दोन धातूंबद्दल मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. मी तिला नको म्हणत होते, पण मलाही ऐकायचं होतं. दोन्ही धातू लहान मुलांच्या मेंदूला बाधतात असं तिथे लिहिलं होतं. तिने फोन उशीखाली सरकवला. मला वाटलं ती मला बोलेल. ती म्हणाली, "आई, तू रोज ते पाणी उकळत होतीस आणि मी शेजारी बसून पाहत होते." एवढंच. मग ती रडली आणि मी तिच्याजवळ बसून राहिले. तेव्हा तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

पहिला प्रश्न पाण्याचाच होता, कारण बाळाला तीन तासांनी भूक लागायची. नवरा म्हणाला, पिंपळगावहून पाण्याचे कॅन आणतो. लेक म्हणाली, कॅनमधलं पाणी कुठलं, ते कोणी तपासलंय? ज्याचा अहवाल हातात आहे असं पाणी गावात एकच होतं, वस्तीतल्या विहिरीचं.

आता हे सांगायला हवं की ती विहीर सिस्टरांच्या आजेसासऱ्यांनी त्यांच्या भावकीला घेऊन स्वतः खोदली होती. का खोदावी लागली हे गावात सगळ्यांना माहीत आहे. गावच्या विहिरीवर त्यांच्या बायकांना बाजूला उभं राहावं लागे, कोणी वरून ओतलं तर पाणी मिळे. ते दिवस मी पाहिले नाहीत, पण माझ्या नवऱ्याने लहानपणी पाहिले आहेत. पुढे ते सगळं बंद झालं, नळ आले, एकमेकांच्या लग्नात जेवणं सुरू झाली. तरी आमच्या गल्लीतलं कोणी घागर घेऊन त्या विहिरीवर गेल्याचं मला आठवत नाही. तशी वेळच आली नव्हती असं आम्ही म्हणू शकतो. पण तेवढंच कारण नव्हतं, हेही आम्हाला ठाऊक होतं.

मी जाते म्हटलं तर नवरा म्हणाला, नाही, मीच जातो. पण मला सोबत घेतलं. सिस्टर अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी बसायला पुढे केलेली खुर्ची नवऱ्याने तशीच ठेवली आणि तो उभ्यानेच बोलला.

"सिस्टर, नातवासाठी तुमच्या विहिरीचं पाणी पायजे होतं. रोजच लागन."

त्यांनी सूप खाली ठेवलं. विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माही सासू आज असाले पायजे होती." नवऱ्याने मान खाली घातली.  त्या उठल्या, आत जाऊन पितळी कळशी घेऊन आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "विहीर कोणाले नाही म्हणत नाही, भाऊ. दोर-बादली तथीच आहे. भरून न्या."

नवऱ्याने पाणी स्वतः शेंदलं. मोटरची सवय झालेल्या हातांना दोर कापत होता, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला खामगावला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. कपाशीचे दिवस होते. कापूस घेऊन जिनिंग मिलकडे जाणाऱ्या गाड्यांमागे आमची गाडी अडकून पडली होती आणि मागच्या सीटवर लेक खिडकीतून बाहेर उडणाऱ्या कापसाकडे पाहत होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं. लोहाने कपडे आणि भांडी खराब होतात, त्याची फार चिंता नको. मँगनीज मोठ्या माणसाचं शरीर बऱ्यापैकी बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं आणि बाहेर कमी पडतं. म्हणून पावडरच्या दुधासाठी असं पाणी नको. उकळल्याने धातू जात नाही, उलट पाणी आटतं तसा त्याचा अंश वाढतो. हे ऐकताना मी माझ्या हातांकडे पाहत होते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले की उकळलं नसतं तर जुलाब होऊन बाळ आधीच दवाखान्यात आलं असतं, उकळलं ते योग्यच केलं. शिशाबद्दल मात्र त्यांनी धीर देणारं काही सांगितलं नाही. लहान मुलांच्या बाबतीत शिसं अजिबातच नको, म्हणाले, रक्त तपासून पाहू. थोडेच आठवडे गेलेत, पाणी आता बंद झालंय, ही चांगली गोष्ट आहे.

रक्त घेताना एवढ्याशा हाताची शीर सापडेना. बाळ टाहो फोडत होतं. नवरा बाहेर निघून गेला आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा राहिला. नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होता, काही दिवस लागणार होते.

ते दिवस आठवले की मला मुख्य आठवते ती घरातली शांतता. जावयाचा रोज फोन यायचा. त्याने कधी जाब विचारला नाही, फक्त बाळ हसतंय का, नजर फिरवतंय का, असं विचारायचा. लेक बाळासमोर लाल खुळखुळा डावीकडून उजवीकडे न्यायची आणि त्याचे डोळे मागे येतात का ते पाहायची. एकदा झालं की थोड्या वेळाने पुन्हा. मी तिला थांबवलं नाही, कारण ती आंघोळीला गेली की मीही तेच करत होते. नवरा सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जाऊन पाणी आणायचा. सिस्टर रोज येऊन बाळाला पाहून जायच्या. एक दिवस लेकीने त्यांना सरळच विचारलं की याला काही झालं असलं तर ते कधी कळेल? त्यांनी तिला खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, आत्ता बाळ तुझ्याकडे पाहून हसते, आवाजाकडे मान फिरवते, वजन वाढते; आत्ता एवढं पाहायचं असते, बाकीचं रक्त आल्यावर.

डॉक्टरांचा फोन दुपारी आला. लेकीने फोन स्पीकरवर टाकला आणि माझा हात धरला. रक्तात शिसं अगदी नगण्य होतं, औषधाची काही गरज नव्हती. रक्ताचं प्रमाणही ठीक होतं. मँगनीजचं म्हणाल तर, ते म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांत अपाय झाल्याचं काही लक्षण मला दिसत नाही. पाणी बदललंत, आता बाळाची वाढ पाहत राहू, बाळ उत्तम आहे. लेकीने धन्यवाद म्हटलं, फोन ठेवला आणि उंबरठ्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मला भूक लागलीये." तिने त्या दिवसांत स्वतःहून जेवण मागितलेलं नव्हतं. मी गरम भाकरी टाकली, ठेचा आणि वरण वाढलं. ती पोटभर जेवली, आणि बाळ पाळण्यात झोपलेलं असतानाच शेजारी गोधडीवर गाढ झोपली.

मग मी शेतात गेले. नवरा बायांबरोबर कापूस वेचत होता. मी बांधावरूनच सांगितलं.  तोंड फिरवून त्याने आणखी दोन-चार बोंडं वेचली, मग कमरेची ओटी सोडून कापूस गाठोड्यावर रिकामा केला आणि निघाला. मला वाटलं घरी येतोय. पण तो आधी वस्तीवर सिस्टरांकडे गेला, त्यांना सांगून मग घरी आला.

शिसं कुठून आलं याचा उलगडा नंतर झाला. प्रयोगशाळेतल्या माणसाने दोन वेगवेगळे नमुने मागितले, एक थेट बोअरच्या तोंडाचा आणि एक स्वयंपाकघरातल्या नळाचा, सकाळी पहिल्या धारेचा. बोअरच्या नमुन्यात शिसं नव्हतं. ते त्या नळाच्या जुन्या पितळी तोटीतून येत होतं. रात्रभर पाणी तोटीत साचून राहतं, त्यात ते उतरतं. बाळाचं पाणी मात्र मी बाहेरच्या भिंतीवरच्या नळीतून भरत असे, कारण स्वयंपाकघरातल्या नळाला धार बारीक यायची. त्यामुळेच बाळ वाचलं की काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. असू शकतं, असं ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. मला तेवढं पुरलं. तोटी आम्ही त्याच दिवशी बदलली. मँगनीज मात्र जमिनीतलंच होतं, त्यावर तोटी बदलून उपाय नव्हता.

नवऱ्याने गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं की बोअरचं पाणी आंघोळीला, कपड्याला वापरा, पिऊ नका. ज्या पाण्याचं एवढं कौतुक सांगितलं त्याच पाण्याबद्दल असं सांगणं त्याला जड गेलं, पण त्याने एकही घर सोडलं नाही. काहींनी लगेच ऐकलं. काहींना वाटलं आम्हाला आता गल्लीला पाणी द्यायचं नाही म्हणून हे निमित्त काढलंय. एक काका तर म्हणाले, इतकी वर्षं पिऊन मले काय झालं? त्यांच्या सुनेने मात्र लहान मुलीसाठी वस्तीवरून पाणी न्यायला सुरुवात केली. मग हळूहळू बाकीच्याही जाऊ लागल्या.

विहीर आमच्या गल्लीची सोय म्हणून खोदलेली नव्हती. वस्तीतल्या लोकांनी बसून ठरवलं की पाणी सगळ्यांना, पण उन्हाळ्यात आधी वस्तीला, आणि कठड्याची डागडुजी दोन्हीकडून. कोणी हरकत घ्यावी असं त्यात काहीच नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडावर गाळ काढायला आमच्या गल्लीतले लोकही विहिरीत उतरले. पुढे ग्रामपंचायतीने तिथे मोटर आणि दोन नळ बसवले. दर मोसमात पाणी तपासायला जातं आणि अहवाल सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. लोक तो पावसाच्या अंदाजासारखा वाचतात आणि एकमेकांना विचारतात, आलं का ठीक? आतापर्यंत ठीकच आलंय.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला लेक त्याला घेऊन आली तेव्हा तो भिंत धरून चालत होता. सिस्टरांनी त्याला उचलून घेतलं तर त्याने त्यांचा चष्मा ओढला आणि सोडीना. त्या म्हणाल्या, "पकड चांगली आहे याची." डॉक्टरांनी पाहिलं, वजन-उंची मोजली आणि सांगितलं की आता या कारणासाठी यायची गरज नाही.

या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला, पुन्हा दिवस गेलेत म्हणून. दुसरं बाळंतपण सासरी करतात, शिवाय पुण्यात मोठी हॉस्पिटलं आहेत, त्यामुळे मी विचारायचं धाडस केलं नाही. तीच म्हणाली, मी तिकडेच येणार आहे. मी फक्त कितवा महिना एवढं विचारलं. नवऱ्याने त्याच आठवड्यात मागच्या खोलीला रंग द्यायला माणूस बोलावला. मी म्हटलं, अजून खूप अवकाश आहे. तो म्हणाला, "असू दे. रंगाचा वास जायाले वेळ लागते."